बाजरीचे दूरचे माहेर

नंदुरबार जिल्ह्यातील चुलीवर भाजली जाणारी बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी ही अस्सल देशी वस्तू होय, असे कोणासही वाटेल. तथापि ह्या दोन्ही धान्यांचे मूळ आफ्रिकेत आहे. बाजरी पश्चिम आफ्रिकेतील साहेल प्रदेशात चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मनुष्याने लागवडीस आणली. ज्वारी सुदानच्या बाजूची. आणि सातपुड्याच्या उतारावर डोलणारा मका तर मेक्सिकोकडचा. कोरडवाहू मुलखांचे हे नाते फार जुने आहे. तेच नाते जाणूनबुजून उपयोगात आणले, तर गरीब देशांस एकमेकांच्या साहाय्याने आपली भूक कमी करता येईल काय?

हा प्रश्न नंदुरबारला जिव्हाळ्याचा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, दर शंभरांत सुमारे ६९ लोक आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, गावित, कोकणा ह्या त्यांतील मुख्य जमाती. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत येथील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. अशा ठिकाणी भूक म्हणजे केवळ रिकामे पोट नव्हे. पोट भाकरीने भरते, परंतु त्या भाकरीत रक्तास लागणारे लोह पुरेसे नसेल, तर भरल्या पोटीही शरीर उपाशीच राहते.

१९७८ साली अर्जेंटिनातील ब्युनॉस आयर्स येथे १३८ राष्ट्रांनी विकसनशील देशांच्या परस्पर तांत्रिक सहकार्याचा आराखडा संमत केला. परंतु ठरावापेक्षा बियाण्याची कहाणी अधिक बोलकी आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्था, म्हणजेच इक्रिसॅट, स्थापन झाली. तिच्या बीजसंग्रहात १४४ देशांतून आलेले लाखाहून अधिक नमुने जतन केलेले आहेत. त्यांतच पश्चिम आफ्रिकेतील टोगो ह्या लहानशा देशाच्या उत्तर भागातील शेतकऱ्यांची ‘इनियाडी’ नावाची टपोऱ्या दाण्यांची, लवकर पिकणारी बाजरी होती. तिच्यातून निवड करून तयार केलेला ‘आयसीटीपी ८२०३’ हा वाण १९८८ साली महाराष्ट्रात प्रसारित झाला. त्याच इनियाडीच्या वंशातील ‘ओकाशाना’ हा वाण १९९० च्या सुमारास नामिबियातील शेतकऱ्यांच्या हाती पडला. आफ्रिकेतून आलेले बी भारतात निवडले गेले आणि पुन्हा आफ्रिकेच्या शेतात रुजले. अशा संस्थांना पैसा पुष्कळ अंशी श्रीमंत देशांनी पुरविला, हे खरे. पण बी आणि ते पिढ्यान्‌पिढ्या राखणारे हात गरीब मुलखांचेच होते.

पुढे ह्याच वाणातून अधिक लोह असलेली रोपे निवडून ‘धनशक्ती’ बाजरी तयार झाली व २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाली. तिच्या एक किलो दाण्यांत सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील १२ ते १६ वर्षांच्या सुमारे अडीचशे मुलांवर केलेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिने काही मुलांस लोहयुक्त बाजरीच्या व काहींस साध्या बाजरीच्या भाकरी देण्यात आल्या. आरंभी ज्यांच्या अंगी लोहाची उणीव होती, त्यांच्यापैकी लोहयुक्त बाजरी खाणाऱ्यांची ती उणीव अधिक प्रमाणात भरून निघाली. हा वाण संकरित नसल्यामुळे शेतकऱ्यास घरचे बी पुन्हा पेरता येते. मात्र बाजरीचे परागण वाऱ्यावर होत असल्याने बियाण्याचे शेत इतर वाणांपासून दूर राखावे लागते.

एवढ्याने नंदुरबारची भूक मिटेल, असे समजणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. एका प्रयोगाने सर्व काही सिद्ध होत नाही. शिवाय ह्या जिल्ह्यात सिकलसेल हा जन्मजात रक्तविकार आढळतो. तो लोहाने बरा होत नाही, म्हणून रक्ताची तपासणी आवश्यक ठरते. आणि दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघालेल्या कुटुंबाबरोबर अंगणवाडीतला आहार जात नाही. बी समुद्र ओलांडून येते, पण शेवटचे चार कोस ओलांडणे पुष्कळदा अधिक कठीण जाते.

तरीही नंदुरबार केवळ घेणारा नाही. धडगाव व मोलगी भागांतील उतारांवर भगरीसारखी बारीक तृणधान्ये आजही पिकतात. धडगाव परिसरात बाएफ ह्या संस्थेच्या साहाय्याने गावकऱ्यांनी मका, ज्वारी व तृणधान्ये ह्यांचे देशी वाण सामुदायिक बीजकोशांत जपले आहेत. भारताच्या प्रस्तावावरून, केनिया, नायजेरिया, सेनेगल, नेपाळ इत्यादी देशांच्या पाठिंब्याने, संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष अशा भरड धान्यांचे म्हणून पाळले. ते वर्ष सरले. डोंगरउतारावरचे ते बी राहिले आहे. टोगोतील कोणा अनामिक शेतकऱ्याने राखलेले बी महाराष्ट्रातील मुलांच्या भाकरीस आले. तद्वतच सातपुड्यातील एखाद्या बाईने कणगीत राखलेले बी उद्या साहेलमधील मुलांच्या ताटात पडू शकेल. परंतु त्याआधी ते तिच्या स्वतःच्या मुलाच्या ताटात पुरेसे पडले पाहिजे.