वासुंबे आधी की वाळवा?

सांगली जिल्ह्यातली वाटेगाव, वासुंबे आणि वाळवा ही गावे अकारविल्हे लावायला सांगितली, तर मराठी शाळेत वर्णमाला घोकलेला माणूस ती याच क्रमाने लावील. आपला ‘ळ’ ‘ह’च्या नंतर येतो. संगणक मात्र बहुतेक वेळा वाळव्याला वासुंब्याच्या आधी बसवतो. सातारा जिल्ह्याच्या यादीत तर क्षेत्र माहुली शोधणारा सरळ तळाशी जातो, आणि माहुली असते वर, कोरेगाव आणि खटाव यांच्या मध्ये.

याचे कारण साधे आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. ‘ल’चा २३५४, ‘ळ’चा २३५५, ‘स’चा २३६०. ‘क्ष’ला स्वतःचा क्रमांकच नाही, तो ‘क’, हलन्त आणि ‘ष’ मिळून होतो, आणि हलन्ताचा क्रमांक सगळ्या नेहमीच्या मात्रांहून मोठा असल्याने ‘क्ष’ ‘कौ’च्याही मागे पडतो. ही मांडणी भारतीय लिप्यांना एका साच्यात बसवणाऱ्या ‘इस्की’ या जुन्या मानकावरून आली. मराठीचा वर्णक्रम हा तिचा हेतूच नव्हता.

वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश आकाराला आला. त्याचा पहिला खंड १९७६ सालचा. कोशात कोणती नोंद कुठे यावी, हे संपादक विचार करून ठरवतो. ‘क्ष’ला ‘क’च्या घरात ठेवावे की शेवटी, यावर मतभेद होऊ शकतात, पण ते मत कुणाचे तरी असते. डेटाबेसमध्ये हाच निर्णय सर्व्हर उभा करणारा तंत्रज्ञ घेतो, आणि तोही बहुधा काही न निवडता. पोस्टग्रेसक्यूएलला लोकेल सांगितले नाही, तर ते यंत्रावर असलेली भाषा उचलते; ती सहसा इंग्रजी असते. मायएसक्यूएलचे तर २०१८ पर्यंत मूळ कोलेशन, म्हणजे वर्णक्रमाचा नियम, चक्क स्वीडिश होता, कारण ती कंपनी स्वीडनची!

मराठीचा नियम उपलब्ध नाही असे नाही. युनिकोडच्या लोकेल-संग्रहात तो आहे: ‘ह’नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’, मग ‘ज्ञ’. पोस्टग्रेसक्यूएलच्या दहाव्या आवृत्तीपासून (२०१७) तो वापरता येतो. फक्त मागावा लागतो.

मग संपूर्ण डेटाबेसलाच तो लावून मोकळे व्हावे का? माझे मत, नको. डेटाबेसची अनुक्रमणिका क्रमाने लावलेली असते आणि शोध त्या क्रमावर विसंबून चालतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लिनक्सच्या ‘ग्लिबसी’ या पायाभूत लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीने अनेक भाषांचे क्रम बदलले. ज्यांनी सिस्टिम अद्ययावत केली पण अनुक्रमणिका नव्याने बांधल्या नाहीत, त्यांची अनुक्रमणिका जुन्या क्रमाची आणि शोध नव्या क्रमाचा, अशी गत झाली. नोंद असून सापडेना. जे एकदाच असायला हवे ते दोनदा शिरू शके. म्हणून साठवण कोरड्या अंकक्रमाने ठेवावी, आणि यादी माणसासमोर मांडताना मराठी क्रम मागावा. पोस्टग्रेसक्यूएलच्या सतराव्या आवृत्तीत (२०२४) तर यंत्रावर न विसंबणारा असा स्थिर क्रम अंगभूतच आला आहे.

क्रमापेक्षा अवघड प्रश्न सारखेपणाचा आहे. कऱ्हाड घ्या. (कराड लिहिणाऱ्यांचा प्रश्न निराळा.) त्यातला ‘ऱ’ एका क्रमांकाने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन क्रमांकांनी. शिवाय ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकूनही तोच चंद्रकोरीसारखा रफार उमटतो. डोळ्यांना तिन्ही कऱ्हाड एकच. अंकक्रमाने तुलना करणाऱ्या डेटाबेसला ती तीन वेगळी गावे. एखाद्या शेतकऱ्याचा अर्ज एका रूपात आणि जमिनीची नोंद दुसऱ्या रूपात असेल, तर दोन्ही बरोबर असूनही जुळणार नाहीत. पहिली दोन रूपे युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात. ते मजकूर आत घेतानाच करावे. तिसरे रूप त्यातून सुटते, त्याच्यासाठी वेगळा नियम हाताने लिहावा लागतो.