सांधा बदलला, याची खात्री काय?

पुण्यातील कोथरूडचे जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तेथे येणाऱ्या बालगोपाळांचे डोळे धावत्या गाड्यांवर खिळतात. मात्र ज्याने कधी घरी टेबलावर रूळ मांडून पाहिले आहेत, त्याची नजर आधी सांध्यांकडे वळते. गाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जाते, ती जागा म्हणजे सांधा. रेल्वे खरी असो की १६.५ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर धावणारी छोटी, गाडी कोणत्या मार्गाने जाणार हे इंजिन नव्हे, तर सांधा ठरवतो.

पूर्वी प्रत्येक सांध्यासाठी वेगळे बटण आणि तेथपर्यंत वेगळ्या तारा ओढाव्या लागत. सांधे वाढले की टेबलाखाली तारांचे जंजाळ होई. १९९० च्या दशकात अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या कामाच्या आधारे ‘डिजिटल कमांड कंट्रोल’ म्हणजेच डीसीसीची प्रमाणके ठरविली. या पद्धतीत वीज आणि संदेश एकाच तारांच्या जोडीतून जातात. विजेची दिशा सतत उलटत असते. एका दिशेचा काळ ५८ मायक्रोसेकंद असेल तर तो ‘एक’ आणि १०० मायक्रोसेकंद किंवा अधिक असेल तर ‘शून्य’ समजला जातो. प्रत्येक सांध्याला स्वतःचा पत्ता असतो. आपल्या पत्त्यावरचा संदेश ओळखून त्या सांध्याचा डिकोडर मोटर फिरवतो. अशा रीतीने दोन तारांवर दोन हजारांहून अधिक सांधे हाताळता येतात.

सांधा हलविण्याची साधने प्रामुख्याने दोन प्रकारची असतात. विद्युतचुंबकाच्या वेटोळ्यांना क्षणभरच, पण जोरदार वीज लागते; ती चालू राहिली तर वेटोळे जळते. सावकाश फिरणारी मोटर मात्र पाती रुळाला टेकल्यावरही अत्यल्प विजेवर दाब कायम ठेवते. डिकोडर निवडताना हा फरक ध्यानात घ्यावाच लागतो.

खरी परीक्षा असते ती जोडणीची. सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात, त्या धातूच्या टोकाला ‘फ्रॉग’ म्हणतात. सांधा एका बाजूस असताना हे टोक डाव्या रुळाशी, तर दुसऱ्या बाजूस असताना उजव्या रुळाशी जोडलेले असावे लागते. त्यासाठी सांध्याबरोबर बदलणारा स्विच बसवितात. चुकीच्या बाजूस असलेल्या सांध्यावर गाडी आली की शॉर्टसर्किट होऊन त्या भागाची वीज तुटते. डिकोडरही त्याच विजेवर असेल, तर सांधा दुरुस्त करण्याचा संदेश त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. चूक झाली आणि ती सुधारण्याची वाटही बंद झाली! म्हणूनच जाणकार मंडळी सांध्यांच्या डिकोडरसाठी रुळांपासून वेगळी वाहिनी ठेवतात.

तरीही एक प्रश्न उरतो. साध्या डीसीसी जोडणीत हुकूम जातो, उत्तर येत नाही. पात्यात खडा अडकला किंवा मोटर आणि पाते जोडणारी तार निखळली, तरी नियंत्रकाच्या पडद्यावर सांधा ‘बदललेला’ दिसतो. मोटरला जोडलेला स्विचही येथे पुरेसा नाही, कारण तो मोटर फिरली एवढेच सांगतो. खात्री हवी असेल, तर पात्यांच्या हालचालीवरच छोटा स्विच बसवून त्याची खबर निराळ्या तारेने परत आणावी लागते.

खऱ्या रेल्वेत हीच खबर सिग्नलला बांधलेली असते. सांधा योग्य बाजूस पक्का बसून कुलूपबंद झाल्याची खूण मिळाल्याखेरीज सिग्नल हिरवा होऊ नये, असा दंडक आहे. पण त्या खुणेच्या तारा चुकल्या तर काय होते, हे २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात देशाने पाहिले. कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा सिग्नल हिरवा होता, सांधा मात्र बाजूच्या लूप मार्गाला लागलेला होता. गाडी तेथे उभ्या मालगाडीवर आदळली आणि २९० हून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या तारांच्या जोडणीत केलेल्या फेरफारांतील त्रुटींवर बोट ठेवण्यात आले.

कोल्हापूरला रेल्वे १८९१ मध्ये आली. पण गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीसारख्या गावांपर्यंत रूळ पोहोचलेले नाहीत. तेथील शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातही एक सांधा, एक मोटर, दोन दिवे आणि एक स्विच एवढ्या साहित्यावर हा धडा मांडता येईल. बटण दाबल्यावर लगेच दिवा लावू नये. पाते जागेवर टेकल्यावरच तो लागावा. हुकूम देणे आणि तो अमलात आल्याचे पाहणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि त्यांच्या ताराही निरनिराळ्याच असाव्या लागतात.