उचलत्या खिडकीची कळ

घर बांधतांना खिडकी किती मोठी असावी, याचा विचार बहुतेक सर्वजण करतात. ती उघडावी व मिटावी कशी, हा विचार मात्र सुताराची मजुरी चुकती झाल्यावर सुचतो. बाजूला बिजागऱ्या असलेल्या खिडकीचें यामुळें फारसें अडत नाहीं. परंतु वरच्या कडेला टांगलेली व खालून बाहेर लोटावयाची जी खिडकी दुकानदार ‘ऑनिंग’ म्हणून विकतात, तिची सारी उपयुक्तता तिच्या कळीवर अवलंबून असते.

पावसाची रिपरिप चालू असतांही ही खिडकी थोडी उघडी ठेवतां येते. तिची झडपच छज्जाचें काम करते. बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांव तालुक्यांत पिंपळगांव राजासारख्या गांवीं हा गुण मोलाचा आहे. वऱ्हाडांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. खिडक्या दिवसां मिटाव्या व रात्रीं उघडाव्या लागतात. पुढें पाऊस आला कीं वाऱ्याबरोबर धांवपळ असतेच. म्हणजे कळीला रोजचें काम आहे.

झडपेचें ओझेंही थोडें नसतें. ४ मिलिमीटर जाडीची कांच दर चौरस मीटरला १० किलो भरते. ३ फूट रुंद व २ फूट उंच खिडकींत नुसती कांचच सुमारें ५.५ किलोंची होते. शिवाय खिडकी जितकी अधिक उघडावी, तितका हा भार हातास अधिक जाणवतो.

जुनी व स्वस्त कळ म्हणजे भोकें पाडलेली लोखंडी पट्टी आणि ती अडकविण्याची खुंटी. बिघडण्यासारखें तींत कांहीं नाहीं, आणि गांवचा लोहारही ती करून देऊं शकतो. रुंद झडप एकाच कडेनें धरल्यास पिळवटते, म्हणून पट्टी मध्यावर तरी बसवावी किंवा दोन्ही कडांना. गजांतून हात घालून ती सरकवितां येते. अडचण होते ती जाळीची. १८९७ मध्यें सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनीं डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतू शोधून काढले. आज डेंग्यूच्या भीतीनेंही जाळी बसविली जाते. डेंग्यूचा डांस तर दिवसां चावणारा. तेव्हां खिडकीसाठीं जाळी वारंवार उघडणें म्हणजे जाळीचा हेतूच बुडविणें होय.

जाळी कायमची असेल तेथें हँडल फिरवून चालणारी कळच घ्यावी. हँडल जाळीच्या आंत, चौकटीच्या खालच्या आडव्या लांकडावर बसतें. त्याला जोडलेलें मळसूत्र एका दांतेरी चाकास फिरवितें व चाकाचा दांडा झडप बाहेर लोटतो. गंमत अशी कीं, मळसूत्र चाकास फिरवूं शकतें, पण चाक मळसूत्रास फिरवूं शकत नाहीं. म्हणून नेहमीच्या वाऱ्यानें रेटली तरी झडप आहे त्या जागीं राहते, आणि घरांतील आजीबाईंनाही ती सहज मिटतां येते. मिटल्यावर हँडल जोरानें आवळण्याची संवय मात्र घातक. त्यानेंच दांते मोडतात. घट्ट मिटण्यासाठीं निराळी खिट्टी असावी.

तिसरा प्रकार ॲल्युमिनियमच्या खिडक्यांत दिसतो. त्यांत निराळी बिजागरी नसते. दोन्ही बाजूंच्या सरकत्या भुजा घर्षणाच्या जोरावर झडप धरून ठेवतात. उघडतांना वरची कड खालीं उतरते व वर फट पडते. तींतून उष्ण हवा निघून जाते, पण छज्जा नसेल तर पाऊसही तींतूनच येतो. भुजा वजनाच्या मानानें हलक्या घेतल्यास झडप आपोआप मिटूं लागते.

वऱ्हाडांत आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी लागते. येथील काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळून आकसते. पाया उथळ असेल तर भिंत हलते, चौकट तिरकी होते आणि हँडल अडूं लागतें. दोष मात्र यंत्रास मिळतो. चौकटीचे दोन्ही कर्ण दोरी लावून मोजावे. ते सारखे न भरल्यास नवी कळ आणण्यापूर्वीं गवंड्यास बोलवावें. कळीला ओंगण फार घालूं नये. वैशाखांतली धूळ त्यांत कालवून त्याची कणकच होते. दांते कोरड्या फडक्यानें पुसावे. मग शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब पुरतात.