पाऊस नाही, तरी गंज का?



कोकणात लोखंड गंजलं की आपण पावसाला दोष देऊन मोकळे होतो. पण दुबई-शारजात सबंध वर्षात सरासरी १०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही, तरी बाल्कनीतल्या एसीच्या आउटडोअर युनिटचा स्टँड आणि स्क्रू तांबडे झालेले दिसतात. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. इंजिनिअरिंगला असताना 'करोजन' हा धडा मार्कांपुरता घोकला होता, तो खरा कळला इथे आल्यावर.

गंजायला लोखंड, हवेतला प्राणवायू आणि पाणी लागतं. पाणी म्हणजे पाऊसच हवा असं नाही. इथला खरा गुन्हेगार मीठ. मोठ्या महासागरात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्यासमोरचं हे आखात उथळ, ऊन कडक, बाष्पीभवन प्रचंड, त्यामुळे इथे ते प्रमाण ४० ग्रॅम किंवा त्याहून जास्त. ते मीठ वाऱ्याबरोबर येऊन धुळीत मिसळतं आणि प्रत्येक वस्तूवर बसतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. आषाढात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, अगदी तेच. ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या इथल्या चिकट रात्री आठवा! आपल्याला कोरडं वाटणारं लोखंड रात्रभर खाऱ्या पाण्याच्या पातळ थरात भिजत असतं. कोकणातला पाऊस निदान मीठ धुऊन तरी नेतो. इथे धुणार कोण? (कोकणातसुद्धा जिथे पावसाचं पाणी पोचत नाही ती ग्रीलची खालची बाजू आधी जाते, बघा कधीतरी.)

म्हणूनच नुसता रंग फासून उपयोग होत नाही. कुठलाही रंग पाण्याची वाफ पूर्णपणे अडवत नाही. खाली मीठ राहिलं असेल तर ते रंगाच्या आरपार ओलावा ओढतं, आधी बारीक फोड येतात आणि मग पापुद्रे सुटतात. तेलाच्या टाक्या, पाइपलाइन, जहाजं यांच्या कामात म्हणूनच अर्धी मेहनत रंगाआधीची असते. गोड्या पाण्याने धुणं, मग खडीसारख्या कणांचा जोरदार मारा करून लोखंड जवळजवळ पांढरं करणं, शिल्लक मीठ किती ते तपासणं. शिवाय एक नियम असा की लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणाऱ्या दवावरच रंग बसतो. इथल्या पहाटे हे सहज घडू शकतं.

त्यानंतर सहसा तीन थर. पहिला जस्ताचा प्रायमर. त्यावर इपॉक्सी, जो पाण्याची वाट लांबवतो. पण इपॉक्सीची उन्हात पावडर होते, म्हणून सर्वात वर पॉलियुरेथेन. सगळं मिळून जाडी २५०-३०० मायक्रॉन, म्हणजे तीन-चार केसांएवढी!

यातला जस्ताचा थर मला सर्वात आवडतो. डब्याच्या पत्र्यावरच्या कथलाला ओरखडा पडला की उघडं पडलेलं लोखंड उलट जास्त वेगाने गंजतं. जस्ताचं बरोबर उलटं. ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. आपल्या जुन्या गॅल्व्हनाइझच्या बादल्या वर्षानुवर्षं टिकत त्या यामुळेच.

याच मिठाशी बुर्ज खलिफाच्या पायालाही सामना करावा लागला. तिथल्या भूजलात क्लोराइड ४.५ टक्क्यांपर्यंत, समुद्राच्या पाण्याच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे ३.७ मीटर जाडीच्या पायाच्या स्लॅबसाठी दाट काँक्रीट आणि वॉटरप्रूफिंग तर केलंच, शिवाय खाली टायटॅनियमची जाळी घालून हलका विद्युतप्रवाह सोडण्याची सोय केली. त्या प्रवाहामुळे आतल्या सळया गंजत नाहीत. २०१० मध्ये उघडलेल्या या ८२८ मीटरच्या इमारतीचा फोटो सगळेच काढतात, पण ही जाळी कुणाला दिसत नाही.

आता आपल्या कामाचं. अकरा महिने बंद असलेल्या गावच्या घराला सुट्टीत रंग काढताना रंगारी बहुधा गंजावरच रेड ऑक्साइड मारतो आणि संध्याकाळी पैसे मागतो. त्याला आधी तारेच्या ब्रशने सुटा गंज काढायला सांगा, मग गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या आणि प्रायमर त्याच दिवशी लावून घ्या. कडा, वेल्डिंगचे सांधे आणि रेलिंग जिथे भिंतीत किंवा लादीत शिरतं तो भाग आधी ब्रशने रंगवायचा. मुलं रेलला टेकून उभी राहतात, आणि रेलिंग तुटतं ते नेमकं त्या बुडाशी, वरून कितीही चकचकीत दिसलं तरी.

स्लॅबच्या खाली सळईच्या रेषेत भेगा किंवा तांबडे डाग दिसले तर मात्र प्लास्टर करून झाकू नका. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. तिथे रंगाऱ्याचं काम नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, आणि तो येऊन जाईपर्यंत त्या बाल्कनीत कुणाला उभं राहू देऊ नका.