दोन पाण्यांच्या मधले कोकण

पट्टा पडला, शेवटची मोळी गव्हाणीत गेली, की गटात फिरताना सभासद बांधवांकडून एक वाक्य हमखास कानावर येते, "आता एकदा पोराबाळांना घेऊन कुठंतरी जाऊन येऊ." पुढे खोडवा निघतो, भरणी येते, लग्नसराई येते आणि जाणे राहून जाते. आमच्या गटातील एका जुन्या सभासदांनी हेच तीस वर्षे सांगितले. दोन वर्षांपूर्वी ते वारले. समुद्र त्यांच्या गावापासून दीडशे किलोमीटरच्या आत, पण त्यांनी तो पाहिला नव्हता. गेल्या एप्रिलात आम्ही कुटुंबासह कोकणात निघालो तेव्हा त्यांच्या घरी जाऊन आलो व त्यांच्या मंडळींना, आम्ही सर्वजण ज्यांना आक्का म्हणतो त्यांना, बरोबर घेतले. आक्कांचे वय सत्त्याहत्तर. त्या सहलीचा हिशेब इतरांच्या उपयोगी पडावा म्हणून हे लिहीत आहोत.

प्रथम वेळेचे. उन्हाळ्यात मध्यम जमिनीत उसाला आठ ते दहा दिवसांनी पाणी लागते. म्हणजे पाणी देऊन दुसऱ्या दिवशी निघाले तर चार दिवसांची सहल दोन पाण्यांच्या मध्ये आरामात बसते. ज्यांनी पाचट पेटवले नाही, सरीत दाबले आहे, त्यांना ओल टिकत असल्याने आणखी दोन दिवसांची सवलत आहे. (पाचट जाळणारांनी सहलीला जाऊ नये असे नाही, पण त्यांना पाण्याची घाई होणार!) मात्र खोडव्याचे बुडखे छाटणे आणि खताचा पहिला हप्ता ही कामे उरकूनच निघावे. मे महिन्याचा उत्तरार्ध टाळावा. आम्ही एकदा मेच्या अखेरीस, आधी न विचारता, थेट एका गावी उतरलो. खोलीला आम्ही धरलेल्या रकमेच्या दुप्पट द्यावे लागले आणि वर पाणी बादलीने मोजून मिळाले. तेव्हापासून आम्ही फोनवर खोली, माणसे आणि जेवणाचा दर तिन्ही ठरवल्याशिवाय घर सोडत नाही. "राहण्याची व जेवणाची घरगुती सोय" अशी पाटी असलेली घरे कोकणात गावोगाव आहेत. तेथे स्वस्तही पडते आणि माणसांशी दोन शब्द बोलणेही होते.

आता प्रवासाचे. जीप ठरवण्याचा मोह होतो, पण एसटीचा हिशेब एकदा मांडून बघा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या पुरुषांना व बारा वर्षांच्या आतील मुलांनाही निम्मेच. आमच्यात आम्ही, सौभाग्यवती, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि आक्का. पाच माणसांची अडीच तिकिटे झाली. "आवडेल तेथे प्रवास" हा चार किंवा सात दिवसांचा पासही मिळतो, पण अंतर फार नसेल तर महिलांना तो घेण्यात फायदा दिसत नाही. ज्येष्ठांनी आधार कार्ड मात्र विसरू नये. आक्कांनी ते पिशवीत तीन कापडांत गुंडाळून आणले होते. कंडक्टर प्रत्येक गाडीत ते सुटेपर्यंत उभे!

पहिल्या दिवशी कोल्हापुरातून सकाळच्या गाडीने आंबा घाट उतरून रत्नागिरी. दुपारचे जेवण घरच्या धपाट्यांवर. तेथून जवळच भाट्ये येथे दापोली कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र आहे, ते शेतकऱ्याने चुकवू नये. नारळाच्या सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी अशी एकाच जमिनीत मजल्यामजल्यांची पिके उभी आहेत. आम्ही तासभर रेंगाळलो आणि मुले कंटाळली. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीस आणून ठेवले, त्याचा १९१० चा राजवाडा मुलांना अधिक आवडला. मुक्काम गणपतीपुळ्यास. सकाळी डोंगराभोवतीची प्रदक्षिणा केली. तेथील समुद्र दिसतो तसा सोपा नाही, पोहायला कोणी उतरू नये. दुसऱ्या दिवशी दुपारी रत्नागिरीहून निघून, कणकवलीस गाडी बदलून रात्री मालवण.

गणपतीपुळ्यास आक्का पाण्याजवळ गेल्याच नव्हत्या, लांबूनच हात जोडून बसल्या होत्या. मालवणच्या धक्क्यावर मात्र त्या होडीत सर्वांआधी चढल्या. सिंधुदुर्गाचे बांधकाम महाराजांनी १६६४ साली सुरू केले. आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे, महाराजांच्या हाता-पायाचे म्हणून दाखवतात ते ठसे आहेत, आणि तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. साखर म्हटल्यावर आम्ही थांबणारच. चोहोबाजूंनी खारे पाणी आणि मधल्या खडकात गोडे. आक्का काठावर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"सायेब," त्या म्हणाल्या, "आमच्या मळीच्या रानात गोड्या पाण्यानं मीठ फुटलं, आन् हितं खाऱ्या पाण्यात गोडं लागलंय."

त्यांचे एकरभर रान जास्तीच्या पाण्याने क्षारपड झाले आहे. आमच्या खात्याने तेथे पाणी कमी करा, चर काढा म्हणून चार वेळा सांगितले होते, आणि मालक दर वेळी हसून "पट्टा पडल्यावर बघू" म्हणाले होते. आम्ही तेव्हा काही बोललो नाही. मुलाने ओंजळीत पाणी घेतले, सर्वांनी चाखले.

चौथ्या दिवशी फोंडा घाटाने परत. दाजीपूरचे जंगल संपताच शाहू महाराजांच्या राधानगरी धरणाचे पाणी दिसू लागते. आक्कांना आम्ही हेच पाणी आपल्या पाटात येते असे दाखवले. त्यांनी खिडकीतून पाहिले आणि विचारले, "चराला सरकारातून किती मिळतंय, आन् फॉर्म कोण भरून देतंय?"

फॉर्म आम्हीच भरून दिला. ज्यांना पुढल्या एप्रिलात जायचे आहे त्यांनी आमच्या गट कार्यालयात यावे. मालवणच्या घरगुती खोलीवाल्यांचा फोन नंबर तेथे लिहून ठेवला आहे.