एक रुपयाचा शेअर

चाकणच्या बजाज ऑटोच्या कारखान्यात २५ जून २०१३ला संप सुरू झाला, तेव्हा विश्वकल्याण कामगार संघटनेच्या मागण्यांमध्ये एक मागणी अशी होती, की तिच्यापुढे बाकीच्या मागण्या कुणाच्या लक्षातही राहिल्या नाहीत. प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर द्या, आणि तेही एक रुपया दराने. त्या दिवसांत बजाज ऑटोचा शेअर बाजारात १८०० ते २००० रुपयांच्या घरात होता. म्हणजे अध्यक्ष दिलीप पवारांची ही संघटना माणशी नऊ-दहा लाखांचा ऐवज मागत होती. कंपनीनं ही मागणी साफ धुडकावली आणि उत्पादन वाळूजला हलवण्याचा इशारा दिला. संप ५० दिवस चालला, १४ ऑगस्टला मागे घेतला गेला. शेअर कुणालाच मिळाले नाहीत.

तेव्हा या मागणीला वेडगळ म्हणणारे पुष्कळ होते. मला मात्र चाकणच्या या औद्योगिक पट्ट्यात आजवर मांडला गेलेला हा सर्वांत नेमका प्रश्न वाटतो. एरवी मागणीपत्रात काय असतं? महागाई इतकी वाढली, शेजारच्या कंपनीत करार इतक्याचा झाला, तेव्हा आम्हालाही तेवढं द्या. घासाघीस होते, करारावर सह्या होतात, गेटवर गुलाल उधळला जातो, फरकाची रक्कम खात्यावर जमा होते आणि पुढची तीन-साडेतीन वर्षं शांतता. या सगळ्या व्यवहारात कामाचं मोल किती, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. २०१३च्या त्या मागणीनं तो विचारला. गाडी विकली जाते तेव्हा जे मोल तयार होतं, त्यातलं आमचं किती?

चाकणहून पुण्याकडे येताना डाव्या-उजव्या हाताला कारखाने दिसतात, आणि पिंपरी-चिंचवडच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडीत आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती. १९८१मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसनं नव्वदच्या दशकात कर्मचाऱ्यांना शेअर दिले, त्याचं देशभर कौतुक झालं आणि ते योग्यही होतं. तीच गोष्ट नट आवळणाऱ्या माणसानं मागितली की ती औद्योगिक अशांतता ठरते. हा फरक कामाच्या मोलातला आहे की काम करणाऱ्याकडे बघण्याच्या नजरेतला?

मोल आणि पगार यांचा संबंध तपासायचा तर वैमानिकांचा पेशा घ्यावा. 'वैमानिकांना एवढे लाखो रुपये कशासाठी?' हे वाक्य आपल्याकडे वरचेवर ऐकू येतं, आणि उत्तरही ठरलेलं असतं: मागे पावणेदोनशे माणसं बसलेली असतात, जबाबदारी मोठी आहे. जबाबदारी मोठी आहे, यात वादच नाही. पण जबाबदारीच पगार ठरवत असती, तर माळशेज घाटातून पन्नास जिवांची एसटी उतरवणाऱ्या चालकाला २०२१-२२मध्ये पाच महिने संपावर बसायची पाळी आली नसती.

मग वैमानिकाचा पगार कशावर ठरतो? त्याच्या खुर्चीत दुसऱ्या कुणाला बसवणं किती अवघड आहे, यावर. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. बारामतीसारख्या ठिकाणच्या फ्लाइंग स्कूलमध्ये हे तास भरताना आणि पुढे एखाद्या विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग घेताना घरचा खर्च अर्ध्या कोटीच्या पलीकडे जातो. कॅप्टनच्या खुर्चीसाठी लागणाऱ्या वरच्या परवान्याला १५०० तास. शिवाय एका वैमानिकानं किती तास उडायचं, किती विश्रांती घ्यायची, हेही कायद्यानं बांधलेलं. डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि देशभरच्या विमानतळांवर माणसं बॅगा घेऊन जमिनीवर बसली, त्याचं मूळ यातच होतं. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली, आणि त्या हिशेबानं पुरेसे वैमानिक कंपनीकडे नव्हते. ठेकेदाराला फोन करून दुसऱ्या दिवशी दोनशे वैमानिक मागवता येत नाहीत.

अमेरिकेतलं उदाहरण याहून बोलकं आहे. १२ फेब्रुवारी २००९च्या रात्री कोलगन एअरचं एक छोटं प्रवासी विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळलं, ५० माणसं गेली. चौकशीत जे बाहेर आलं त्यानं लोक हादरले. सहवैमानिक तरुणीचा पगार वर्षाला १६ ते २४ हजार डॉलरच्या दरम्यान होता. नोकरीच्या गावी राहणं परवडत नसल्यानं ती देशाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती, आणि आदल्या रात्री मालवाहू विमानानं प्रवास करून कामावर हजर झाली होती. बिछान्यावरची धड झोप तिला मिळालीच नव्हती. पुढे कायदा बदलला. २०१३पासून तिथं सहवैमानिकालाही २५०ऐवजी १५०० तासांची अट लागू झाली. उमेदवार कमी पडू लागले, पगार चढत गेले, आणि २०२२मध्ये काही प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाला तासाला ९० डॉलर द्यायला सुरुवात केली. खुर्ची तीच, कॉकपिट तेच, मागे बसलेले प्रवासी तितकेच. तेव्हा मोल कमी होतं आणि आता वाढलं, असं कुणी म्हणेल का? वाढली ती दुसरा माणूस मिळण्याची अडचण.

अर्थात वैमानिकाचीही ही ताकद सरसकट नसते. आपल्याकडे २०१७च्या नियमानुसार कॅप्टनला नोकरी सोडायची तर वर्षभराची नोटीस द्यावी लागते, सहवैमानिकाला सहा महिन्यांची. एअर इंडियाचे वैमानिक २०१२मध्ये ५८ दिवस कामावर गेले नाहीत, तरी कंपनीनं मोजकी उड्डाणं चालू ठेवली आणि शेवटी त्यांना परतावं लागलं. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ला थांबली, तेव्हा तिच्या वैमानिकांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते. आपल्या पट्ट्यात तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२०मध्ये थांबला, तेव्हा हजारापेक्षा जास्त पर्मनंट कामगारांनी हीच असहायता अनुभवली. त्यांच्या हातातलं कौशल्य एका दिवसात नाहीसं झालं नव्हतं.

आता चाकणच्या लाइनवर या. वैमानिकाच्या बाबतीत कायदा आणि खर्च मिळून माणूस सहजी बदलता येणार नाही अशी व्यवस्था करतात. इथं सगळी रचना उलट आहे. मोटरसायकल असो की मोटार, तिची जोडणी छोट्या छोट्या स्टेशनांत वाटलेली असते. एका स्टेशनचं काम मिनिटभराच्या आसपास संपतं, गाडी पुढं सरकते, दुसरी येते. काम असं तोडलेलं असतं की नवा मुलगा काही दिवसांत ते उचलतो. तो दमला, निघून गेला किंवा काढला गेला, तर दुसरा उभा करता येतो. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनं ही मोठी करामत आहे. माणसाच्या पगाराच्या दृष्टीनं ती त्याच्या हातातला हुकमाचा पत्ता काढून घेते.

पुढच्या चाकाचा ब्रेक कॅलिपर बसवण्याचं स्टेशन डोळ्यांसमोर आणा. वर लटकणारी टॉर्क गन खाली ओढायची, बोल्टवर धरायची, ठरलेला टॉर्क आला की हिरवा दिवा लागतो. आला नाही तर गाडी पुढं जात नाही. बोल्ट तिरपा बसला आहे का, वायसर राहिलं आहे का, नळीला पीळ पडला आहे का, हे मात्र गन सांगत नाही. ते डोळ्याला आणि बोटांना कळतं. आठ तासांत काहीशे वेळा. ती गाडी उद्या नाशिक हायवेवर कुणाच्या तरी मुलाला घेऊन ऐंशीच्या वेगानं धावणार आहे आणि ब्रेक लागणार की नाही, ते या स्टेशनवर ठरणार आहे. या जबाबदारीचा भाव पगारात कुठं दिसतो?

आणि खरी गोष्ट पुढं आहे. त्या स्टेशनवर पहिल्या शिफ्टला पर्मनंट कामगार असेल आणि दुसऱ्या शिफ्टला ठेकेदाराकडचा मुलगा, तर बोल्ट तोच असतो, टॉर्कही तोच. तीन-चार करार पाहिलेल्या पर्मनंट कामगाराचा आणि या मुलाचा पगार यांत मात्र सहज दोन-तीन पटींचं अंतर असतं. पगार कामाच्या मोलावर ठरतो, हे म्हणणं या एका स्टेशनवर येऊन संपतं. वर्षांच्या अनुभवाला काही जास्त मिळावं, हे मला मान्य आहे. पण तो मुलगा चार वर्षं चार ठेकेदारांच्या नावावर त्याच पट्ट्यात तेच काम करत असेल, तर त्याचा अनुभव कुठल्या रजिस्टरात लिहिला गेला?

तो लिहिला जाऊ नये, याची सोय आहे. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांनुसार वर्षभरात २४० दिवस काम भरलं की तात्पुरत्या कामगाराचा कायम होण्यावर हक्क येत असे. म्हणून सातव्या महिन्यात ब्रेक. आंबेठाण चौकातल्या किंवा म्हाळुंगेच्या खोल्यांमध्ये राहणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, 'ब्रेक मिळाला' याचा अर्थ काय, तो लगेच सांगेल. नांदेड, लातूर, बीडकडून आयटीआय करून आलेला, दहा बाय दहाच्या खोलीत तिघा-चौघांत राहणारा हा मुलगा गावी सांगतो की मी कंपनीत आहे. त्याच्या पगाराच्या स्लिपवर नाव मात्र ठेकेदाराचं असतं. मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून किमान वेतनाच्या आसपास. त्यातून बारा टक्के पीएफ, पाऊण टक्का ईएसआय, दोनशे रुपये व्यवसाय कर. हजेरी बोनस पुरता महिना भरला तरच. बहिणीच्या लग्नाला दोन दिवस गेलं की तो बुडाला. मग राहिलेली रक्कम भरून काढायला ओटी, म्हणजे ओव्हरटाइम. कायद्यानं ओटीचा दर दुप्पट आहे. तो दुप्पट मिळतो की नाही, हे स्लिपवर नीट बघावं लागतं.

काही वर्षं तर याहून स्वस्त वाट होती. २०१३मध्ये आलेल्या 'नीम' योजनेत मुलांना प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलं जाई आणि त्यांना पगाराऐवजी विद्यावेतन मिळे. त्यावर पीएफ नाही, ईएसआय नाही. २०२२च्या अखेरीस ती योजना गुंडाळली गेली. वार्षिक औद्योगिक पाहणीनुसार देशातल्या कारखान्यांत आज दर दहा कामगारांपैकी साधारण चार कंत्राटी आहेत. चाकणमधल्या सुट्या भागांच्या छोट्या कारखान्यांत शिफ्ट सुटताना गेटवर उभं राहिलं, तर हा आकडा कमीच वाटेल.

किमान वेतन तरी कशावर ठरतं? १९५७च्या भारतीय श्रम परिषदेनं त्याचं माप ठरवून दिलं होतं: कामगार, त्याचं कुटुंब मिळून तीन प्रौढांइतकं खाणं, प्रत्येकी २७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्तीला एकूण वेतनाच्या २० टक्के. सर्वोच्च न्यायालयानं रॅप्टाकोस ब्रेट खटल्यात १९९१मध्ये त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितलं. या मापानं चाकणमधल्या खोलीचं भाडं, मेसचा डबा आणि गावाकडच्या दोन माणसांचा हिशेब मांडून बघा. कंत्राटी पगार त्यात बसवताना कुणीतरी एक माणूस हिशेबाबाहेर ठेवावा लागतो. बहुतेकदा ती बायको असते. ती गावाकडेच राहते.

हे पगार वाढायला हवेत म्हटलं की एक आक्षेप हमखास येतो: मग गाड्या महाग होतील, कारखाने गुजरातला किंवा तामिळनाडूला जातील. हा धाक पोकळ नाही. आकुर्डीतलं बजाजचं उत्पादन २००७मध्ये थांबलेलं या शहरानं पाहिलं आहे. पण कारखाने पगारापेक्षा जागा, कर, रस्ते आणि पुरवठादारांच्या जाळ्याकडे बघून येतात आणि जातात. चाकणमध्ये ते जाळं आहे, म्हणूनच तळेगाव चौकातली वाहतूक रोज तासन्‌तास तुंबूनही कंपन्या इथं आहेत. त्या कोंडीची किंमत त्या मोजतातच की.

२१ नोव्हेंबर २०२५पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतनाची व्याख्या बदलली, त्यामुळे भत्त्यांत पगार लपवणं अवघड होईल. ठरावीक मुदतीच्या कामगाराला पर्मनंटइतकेच लाभ आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळेल. हे चांगलं आहे. कारखान्याच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार ठेवायला बंदीही घातली आहे. मात्र जे काम एरवी ठेकेदारामार्फतच चालतं, किंवा जिथं काम अचानक वाढतं, तिथं सूट आहे. वाहन कारखान्यात दिवाळीच्या तोंडावर काम दरवर्षीच 'अचानक' वाढतं. तेव्हा ही सूट किती रुंद धरायची, यावर इथल्या हजारो मुलांचा पगार अवलंबून राहील.

पर्मनंट कामगारांच्या संघटनांना यात मोठं काम आहे. त्यांच्या पगारवाढीला गेली वीस वर्षं जी जागा मिळत गेली, त्यातली काही शेजारी उभ्या असलेल्या स्वस्त कामगारामुळे मिळाली, हे त्यांनी स्वतःशी कबूल करायला हवं. पुढच्या मागणीपत्रात स्टेशनवार दराचं एक कलम घालावं: या स्टेशनवर जो उभा राहील, त्याच्या स्लिपवर नाव कुणाचंही असो, मूळ दर एकच. ज्येष्ठतेचं जे काही जास्त असेल ते त्याच्यावर. ही मागणी मान्य व्हायला वेळ लागेल, कदाचित एखाद-दोन करार वायाही जातील. पण तिच्यासाठी शेअर बाजाराचा भाव बघावा लागत नाही, आणि टॉर्क गनच्या नोंदींत कुठल्या बोल्टवर कुणाचा हात होता, हे कंपनीच्या संगणकावर आजही मिनिटागणिक लिहिलं जातंच आहे.