पतंगमानव आणि पोलादातला तडा

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, ओहायो नदीच्या काठी, पॉइंट प्लेझंट नावाचे एक लहानसे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात या गावाबाहेर दारूगोळ्याचा कारखाना होता. पुढे ओसाड पडलेल्या त्या मुलखातून १५ नोव्हेंबर १९६६ च्या रात्री मोटारीने चाललेल्या दोन जोडप्यांना पुरुषभर उंचीची, पंख असलेली आणि तांबड्या डोळ्यांची एक आकृती दिसली. त्यांची जबानी वर्तमानपत्रांत छापून येताच तिचे ‘मॉथमन’, म्हणजे पतंगमानव, असे नामकरणही होऊन गेले.

थोड्याच दिवसांत जॉन कील हा पत्रकार तेथे दाखल झाला. पतंगमानव, आकाशातले अनोळखी दिवे, उडत्या तबकड्या आणि भुतेखेते ही सारी एकाच अगोचर शक्तीची सोंगे होत, असे प्रतिपादन तो करू लागला. कल्पना मोहक खरी. परंतु एका अज्ञाताने दुसऱ्याचा उलगडा होत नसतो. अंधारात अंतराचा अदमास नसला की आकाराचाही राहत नाही, आणि मोटारीच्या झोतात घुबडाचे डोळे निखाऱ्यासारखे तांबडे चमकू शकतात. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील एका जीवशास्त्रज्ञाने तर डोळ्यांभोवती लाल कातडी असणाऱ्या, जवळजवळ माणसाएवढ्या उंच अशा वाट चुकलेल्या सँडहिल क्रौंचाकडे बोट दाखविले होते.

मग १५ डिसेंबर १९६७ चा दिवस उजाडला. सायंकाळी पाचच्या सुमारास, नाताळाच्या खरेदीची वर्दळ ऐन भरात असताना, गावाचा सिल्व्हर ब्रिज मिनिटाभरात नदीत कोसळला आणि ४६ माणसे प्राणास मुकली. एवढा शोक निष्कारण कसा मानावा? तेरा महिन्यांपूर्वीच्या त्या दर्शनांना लोकांनी अपशकुनाचा अर्थ दिला, आणि कीलच्या १९७५ सालच्या पुस्तकाने तो जगभर नेला.

चौकशीचा मार्ग निराळा होता. नदीतून एकेक तुकडा वर काढून तज्ज्ञांनी पूल जमिनीवर मांडला, आणि ३३० क्रमांकाच्या पोलादी पट्टीपाशी ते थांबले. १९२८ साली उभारलेला हा पूल अशा पट्ट्यांच्या साखळ्यांवर तोललेला होता; प्रत्येक कडीत पट्ट्या दोनच, त्यामुळे एक तुटताच भार पेलण्यास दुसरी अपुरी पडली. पट्टीच्या टोकाशी खीळ जेथे बसते त्या भोकाच्या कडेला, सततचा ताण आणि गंज यांच्या संयोगाने, सुमारे अडीच मिलिमीटर खोलीचा एक तडा चाळीस वर्षांत वाढत गेला होता. या दुर्घटनेनंतर अमेरिकेत पुलांच्या नियतकालिक तपासणीचा कायदा झाला. मात्र सांधा उकलल्यावाचून तो तडा त्या काळच्या कोणत्याही तपासणीत सापडला नसता, असे चौकशी मंडळाने आपल्या अहवालात नमूद केले आहे.